कच्चा लेख आणि दोन विहिणी

निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. तर मंडळी, गेली तीन वर्षं मी संगणक आणि मोबाईल या विषयांवरचे कच्चे लेख वाचून देते. हसू नका! मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, ३३ वर्षं शाळेत मराठी आणि थोडं इंग्रजी शिकवलेली बाई. संगणकावर मला मेल पाठवणं, फोटो बघणं आणि हे असं मराठीत टंकणं, एवढंच येतं. पण लेकीचं म्हणणं, "आई, तुला येत नाही म्हणूनच तू हवीस."

लेक टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला असते. जावई मूळचे मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचे. दोघंही संगणकाच्या कामात. सॅन अँटोनियो हे गाव १७१८ साली स्पॅनिश लोकांनी वसवलं आणि टेक्सास अमेरिकेत सामील झालं ते १८४५ साली. म्हणजे स्पॅनिश तिथे पाहुणी नाही, इंग्रजीच्या आधीपासून त्या घरात नांदते आहे. आजही तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांची मुळं मेक्सिकोत नाहीतर स्पॅनिश बोलणाऱ्या दुसऱ्या देशात आहेत. अशा लोकांसाठी ही दोघं फावल्या वेळात दोन्ही भाषांतून लेख लिहितात. पासवर्ड कसा सांभाळावा, फोनमधली जागा कशी मोकळी करावी, खोटे मेसेज कसे ओळखावेत, असले साधेच विषय. लेक इंग्रजी लिहिते, जावई स्पॅनिश. इंग्रजी कच्चा लेख माझ्याकडे येतो आणि स्पॅनिश कच्चा लेख आमच्या विहीणबाईंकडे जातो.

विहीणबाईंना इंग्रजी दुकानात कामापुरतं येतं. मला स्पॅनिश मुळीच येत नाही. पण एक गंमत सांगते. इंग्रजीत 'विहीण' या नात्याला सरळ शब्दच नाही. 'मुलीच्या नवऱ्याची आई' अशी आगगाडी जोडावी लागते. स्पॅनिशमध्ये मात्र आहे, 'कोन्सुएग्रा'. अगदी आपली विहीण! त्या मला तशीच हाक मारतात आणि मी त्यांना विहीणबाई म्हणते. पुढचं सगळं लेक किंवा जावई सांगतात.

हा उद्योग सुरू झाला त्याचं कारण मात्र गमतीचं नाही. तीन वर्षांपूर्वी विहीणबाईंना फोन आला. बोलणारा मोठ्या अदबीने स्पॅनिशमध्ये म्हणाला, की मी तुमच्या बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यावर कुणीतरी गैरव्यवहार करतंय, तुम्हीच बोलताय याची खात्री करायला आम्ही एक कोड पाठवलाय, तेवढा वाचून दाखवा. त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले. खात्यातून ८०० डॉलर गेले. बँकेने अशा फसवणुकीबद्दल स्पॅनिशमध्ये पत्रक धाडलेलं होतं आणि विहीणबाईंनी ते वाचलेलंही होतं. पण ते अशा भाषेत होतं की त्यातला धोका आणि हा फोन यांचा काही संबंध आहे, हे कुणाच्याही लक्षात येऊ नये. तीन आठवडे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. शिवणकाम करून मुलं वाढवलेली मानी बाई. पैशांपेक्षा 'आपण फसलो' हेच त्यांना जास्त लागलं.

जावई म्हणाले, यावर लेख लिहू या. लेक म्हणाली, तो आधी आपल्या आयांना कळला पाहिजे. तेव्हापासून आम्ही दोघी कामाला लागलो.

आता वाचून द्यायचं म्हणजे काय करायचं? शाळेत मी वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत. पण वही आणि कच्चा लेख यांत मोठा फरक आहे. वही तपासताना उत्तर मला माहीत असतं आणि मूल ते शोधत असतं. कच्चा लेख वाचताना बरोबर उलटं. उत्तर लिहिणाऱ्याला माहीत असतं, शोधत मी असते. त्यामुळे इथे लाल पेन कामाचं नाही. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लेख छापून आणते आणि पेन्सिलीने तीनच खुणा करते. वाचता वाचता अडखळले तिथे आडवी रेघ. दोन अर्थ लागले तिथे प्रश्नचिन्ह. मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं तिथे मागे वळणारा बाण. बस्स. वाक्य मी बदलून देत नाही. मी बदललेलं वाक्य माझं होईल आणि लेख तर तिचा आहे. शिवाय मला कळलेलंच नाही ते मी दुरुस्त कशी करणार? कुठे कळलं नाही, एवढं मात्र जगात माझ्याइतकं नेमकं कुणी सांगू शकत नाही.

शेवटी लेख पालथा ठेवायचा आणि काय समजलं ते तोंडी सांगायचं. धडा संपला की आपण मुलांना सांगायचो ना, "पुस्तक मिटा आणि आता तुमच्या शब्दांत सांगा," तेच. रविवारी सकाळी सात वाजता माझा चहा झाला की आम्ही व्हिडिओवर बसतो. तिकडे शनिवारची रात्र असते, उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात. आधी मी सांगते, मग विहीणबाई. दोघींचं सांगणं जुळलं तर लेख पास. नाही जुळलं तर लेखात कुठेतरी पाणी मुरतंय.

या तोंडी परीक्षेतच कोडाच्या लेखातली मोठी चूक सापडली. लेकीने मला विचारलं, "आई, बँक कोड कधी पाठवते?" मी म्हटलं, "शेवटी पाठवतेच, असं लिहिलंय. म्हणजे वाट बघायची." विहीणबाई म्हणाल्या, "छे! कधीमधी पाठवते. पाठवलाच तर." एकच लेख आणि दोन उत्तरं. मूळ स्पॅनिश वाक्यात 'एवेन्तुआल्मेन्ते' हा शब्द होता. त्याचा अर्थ 'प्रसंगी, कधी वेळ पडली तर'. लेकीने इंग्रजीत त्याच्यासारखाच दिसणारा 'इव्हेंच्युअली' ठेवला. त्याचा अर्थ 'अखेरीस'. शब्द जुळ्या भावंडांसारखे, स्वभाव मात्र वेगळे. आता विचार करा, 'शेवटी कोड येणारच' असं वाचलेल्या माणसाला चोराने मागवलेला कोड आला, तर तो काय म्हणेल? 'हां, आला एकदाचा.' सावध करायला लिहिलेला लेखच त्याला चोराच्या हाती देणार होता.

अशी भावंडं त्या दोन भाषांत पुष्कळ आहेत. 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे 'सध्या', इंग्रजी 'अ‍ॅक्च्युअली' म्हणजे 'खरं तर'. 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचं दुकान. इंग्रजी 'लायब्ररी'साठी स्पॅनिश शब्द 'बिब्लिओतेका'. 'मदत हवी तर वाचनालयात विचारा' याऐवजी माणूस पुस्तकाच्या दुकानात जाऊन उभा राहायचा. आपल्याला यात नवल वाटायला नको. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे छडी! माझ्या वर्गात दरवर्षी हा विनोद व्हायचा.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे १०० कोटी, आपला अब्ज. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, अर्थात एक लाख कोटी. एका मसुद्यात फोन वापरणाऱ्यांची संख्या अशी हजारपट झाली होती. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत! तारखेचा किस्सा तर फारच छान. लेखात एका बदलाची शेवटची तारीख ०३/०४ अशी दिली होती. मी म्हटलं ३ एप्रिल. विहीणबाईही म्हणाल्या ३ एप्रिल. लेक म्हणाली, "नाही, ४ मार्च. इथे महिना आधी लिहितात." मेक्सिको आणि भारत एका बाजूला, अमेरिका एकटी दुसऱ्या बाजूला! तेव्हापासून त्यांच्या लेखात महिना अक्षरांत लिहितात. दोन्ही भाषांत.

स्पॅनिश न येताही मला त्या भाषेतली एक गोष्ट फार आवडली. प्रश्नाच्या शेवटी जसं प्रश्नचिन्ह असतं, तसं सुरुवातीलाही उलटं प्रश्नचिन्ह असतं. त्यांच्या भाषेच्या अकादमीने १७५४ साली ते सुचवलं. का, तर लांब वाक्य प्रश्न आहे हे वाचणाऱ्याला सुरुवातीलाच कळावं. प्रकट वाचनात मुलं सरळ सुरात वाक्य वाचत जायची आणि शेवटी 'का?' दिसल्यावर दचकायची, ते आठवलं. फोनवर घाईने लिहिताना आता बरेच जण ते सुरुवातीचं चिन्ह गाळतात. विहीणबाई मात्र लेखात ते गाळू देत नाहीत.

दुसरं म्हणजे त्यांचं 'एन्ये' अक्षर, 'न'वर लहानशी लाट काढलेलं. 'आन्यो' म्हणजे वर्ष. ती लाट राहिली तर शरीराच्या अशा भागाचं नाव होतं की चारचौघांत उच्चारायला नको. 'नव्या वर्षाच्या शुभेच्छा' देताना केवढा अनर्थ! १९९१ साली युरोपीय समुदायाने आक्षेप घेतला, की स्पेनमध्ये विकायच्या कीबोर्डवर हे अक्षर असलंच पाहिजे, हा नियम व्यापाराच्या आड येतो. स्पेनमध्ये मोठा गदारोळ झाला आणि १९९३ साली तिथल्या सरकारने आदेश काढून ते अक्षर राखलं. एका अक्षरासाठी! रोमन लिपीतून मराठी मेसेज करणाऱ्या आमच्या नातवंडांचं 'काल', 'काळ', 'कल' आणि 'कळ' एकाच मापाचं असतं. ते वाचताना मला त्या गदारोळाचं कौतुक वाटतं.

असो. मूळ मुद्द्यावर येते. कोडाच्या लेखात शब्दांच्या चुका निघाल्या, तारखा सुधारल्या, तरी विहीणबाई कागद बाजूला ठेवून गप्प बसल्या होत्या. जावयांनी दोनदा विचारलं. मग त्या म्हणाल्या (लेकीने मला सांगितलं ते असं), "हा मुलगा कोण? मला 'तू' का म्हणतोय?"

स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. गंमत म्हणजे 'तू'ला ते 'तू'च म्हणतात, आणि आदरार्थी 'उस्तेद'. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', म्हणून माझ्या मसुद्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. जावई म्हणाले, हल्ली सगळ्या मोठ्या कंपन्या 'तू'च लिहितात, जवळचं वाटतं म्हणून. त्यावर विहीणबाईंनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. त्या म्हणाल्या, फोनवरच्या त्या चोराने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत 'उस्तेद' म्हटलं. 'बाईसाहेब' म्हटलं. तुमचा वेळ घेतो, माफ करा, म्हटलं. आणि मला वाचवायला निघालेला लेख मला 'तू' म्हणतोय. मी कुणाचं ऐकावं?

जावई काही बोलले नाहीत. त्याच रात्री त्यांनी पूर्ण लेख 'उस्तेद'मध्ये लिहिला. नुसती क्रियापदं बदलून भागलं नाही, सगळा सूरच बदलावा लागला.

मग विहीणबाईंना आणखी बळ आलं. लेखात तीन ठिकाणी 'सोपं आहे' आणि दोन ठिकाणी 'फक्त बटण दाबा' असं होतं. त्यांनी ते शब्द खोडायला लावले. ज्याला ते जमत नाही त्याला 'सोपं आहे' म्हणणं म्हणजे 'तू मठ्ठ आहेस' म्हणणं. हे मी इंग्रजी मसुद्यातही शोधलं. तिथेही होतं. मग 'अशा फोनवर भोळी माणसं विश्वास ठेवतात' हे वाक्य त्यांनी काढायला लावलं. कारण कुठलाच वाचक स्वतःला भोळा समजत नाही, त्यामुळे तो म्हणतो, हे माझ्यासाठी नाहीच, आणि पान उलटतो.

सगळ्यात मोठी सूचना त्यांनी शेवटी केली. लेखातलं उदाहरण त्यांना पटलं नव्हतं. इंग्रजीत होता तोच प्रसंग स्पॅनिशमध्ये आणला होता. त्या म्हणाल्या, आमच्या लोकांना येणारा फोन निराळाही असतो. "मावशी, ओळख पाहू मी कोण?" असा सुरू होतो. आपणच भाच्याचं नाव घेतो आणि मग तो तोच भाचा होऊन बसतो. अडचणीत आहे, पैसे पाठव, म्हणतो. हे लिहा. तेव्हापासून ती दोघं एका भाषेतून दुसरीत भाषांतर करत नाहीत. आधी दोघांत ठरतं, की वाचकाला काय कळायला हवं. मग ते दोनदा लिहितात, प्रत्येक भाषेतल्या वाचकाला समोर बसवून. मजकूर सारखा नसतो, पण वाचून झाल्यावर हातात उरतं ते सारखं असतं.

ही काही आमच्याच घरातली युक्ती नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना संगणक शिकवणारे धडे छापणारा 'प्रोग्रॅमिंग हिस्टोरियन' नावाचा एक उपक्रम आहे, लेकीने दाखवला. २००८ साली तो कॅनडात इंग्रजीत सुरू झाला, २०१७ साली स्पॅनिश आला, २०१९ साली फ्रेंच आणि २०२१ साली पोर्तुगीज. तिथे धडा छापण्याआधी जाणकार मसुदा वाचून सूचना देतात आणि त्या सूचना कुणालाही बघता येतात. लेखकांना सांगितलेलं असतं, की जगभरच्या वाचकासाठी लिहा, एका देशापुरते विनोद आणि वाक्प्रचार जपून वापरा. मोठ्या विद्वानांनाही हे सांगावं लागतं, हे वाचून आम्हा दोघींना बरं वाटलं.

हल्ली भाषांतराची यंत्रं आहेत. लेख टाकला की क्षणात दुसऱ्या भाषेत, तेही व्याकरणशुद्ध. लेक आणि जावई तीही वापरतात. मग आमची गरज काय, असं मी एकदा विचारलं. लेक म्हणाली, "आई, ते अडखळत नाही." मला ते पटलं. यंत्र सगळं कळल्यासारखं पुढे जातं. वाचताना थांबणं, कपाळाला आठी पडणं, 'हा मला तू का म्हणतोय' म्हणून राग येणं, हे माणसाचं काम. मसुद्याला त्याचीच गरज असते.

कोडाचा लेख शेवटी तयार झाला. मुद्दे चारच. तुम्ही स्वतः खात्यात शिरायचा प्रयत्न केलात तर कोड येतो. तुम्ही काही केलेलं नसताना कोड आला, तर दुसरं कुणीतरी प्रयत्न करतंय. कोड मागायला बँक फोन करत नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर तुम्ही स्वतः फोन करा. (हे आपल्याकडच्या ओटीपीलाही तसंच्या तसं लागू आहे, घरातल्या मोठ्यांना जरूर सांगा.)

छापायला द्यायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंनी जावयांच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यांनी स्वतःच्या हाताने सहा ओळी लिहिल्या होत्या. फोन कसा आला, आपण आकडे कसे वाचले, किती गेले, आणि तीन आठवडे का सांगितलं नाही. शेवटची ओळ अशी होती, की तुमच्याकडूनही असं झालं असेल तर तीन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बँकेला आणि घरच्यांना सांगा. लेकीने त्याचं इंग्रजी केलं आणि माझ्याकडे तपासायला पाठवलं. मी दोनदा वाचलं. पेन्सिल हातात होती, पण एकही खूण करावी लागली नाही. लेख त्या सहा ओळींनी सुरू होतो, दोन्ही भाषांत.

तिथल्या वाचनालयात छापील प्रती ठेवल्या होत्या, त्या संपल्या आणि पुन्हा छापाव्या लागल्या. एका बाईंनी जावयांना थांबवून विचारलं म्हणे, की हे लिहिणाऱ्या बाई कोण? जावयांनी नाव सांगितलं नाही, पण घरी येऊन आईला ते सांगितलं. पुढच्या रविवारी विहीणबाई व्हिडिओवर आल्या त्या केस नीट बांधून, कानात डूल घालून, आणि पुढच्या लेखाचा मसुदा हातात घेऊन. त्यावर पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की जावयांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तुमच्या घरातही कुणी ना कुणी लिहीत असेलच. सोसायटीची सूचना, ऑफिसातलं पत्र, औषधं घेण्याची चिठ्ठी, काहीही. छापण्याआधी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. "कसं वाटलं?" असं विचारू नका, ते "छान" म्हणतील. "काय समजलं ते सांगा" म्हणा, आणि मग मधे न बोलता ऐका.